आभाळ चालू आहे

जयपूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून बसणारं एकच घर मी पाहिलं, आणि ते नेमकं आमच्या समोर होतं. लग्न होऊन रेल्वे क्वार्टरमध्ये आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी विरजण मागायला मी तिथे गेले. काकूंनी तोंडावर बोट ठेवून मला आत घेतलं, भिंतीशी खुर्चीवर बसवलं आणि कानात सांगितलं, "आभाळ चालू आहे." पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद. खोलीच्या मधोमध बनियन घातलेले एक गृहस्थ तिरप्या फळीवरच्या ओल्या कागदावर रुंद ब्रश डावीकडून उजवीकडे नेत होते. दोन मुलं बाजूला घामाघूम होऊन चिडीचूप बसली होती. वीसेक मिनिटांनी त्यांनी मान वर केली, मुलाने धावत जाऊन पंखा लावला आणि मला विरजण मिळालं. तोवर माझी नवी साडी धुवायला टाकायच्या लायकीची झाली होती.

हे आमचे आभाळकाका. रेल्वेच्या ऑफिसात कारकून, मूळचे चिपळूणचे. जलरंगाचं वेड गावाकडूनच घेऊन आलेले, पण इथल्या हवेने त्यांची पंचाईत केली होती. "आमच्याकडे पावसाळ्यात कागद चार दिवस वाळत नाही, आणि इथे ब्रश टेकायच्या आत वाळतो," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. आभाळ एका दमात, वरून खालपर्यंत ओलं ठेवूनच काढावं लागतं. मध्ये वारा लागला तर रंग जिथे वाळतो तिथे रेघ धरतो, आणि ती रेघ मग जन्मभर जात नाही. म्हणून पंखा बंद.

मग हिवाळ्यात का नाही काढत, असं मी एकदा विचारलं. हिवाळ्यातही काढत, पण त्यांचा जीव होता तो उन्हाळ्यातल्या आंधीच्या आधीच्या आभाळावर. धुळीने पिवळंजर्द झालेलं, कडेला जांभळट. ते गच्चीवर जाऊन पाच मिनिटं बघून यायचं आणि खाली येऊन लगेच काढायचं. फोटोवरून नाही, आठवणीतूनही नाही. "शिळ्या आभाळाला वास येतो," म्हणायचे.

पण माणूस कलावंतासारखा वागायला मात्र अजिबात तयार नव्हता. सकाळी थोरल्या मीनूच्या दोन वेण्या काकाच घालत. भांग असा सरळ पाडत की शाळेतल्या बाई विचारायच्या, आई पार्लर चालवते का. धाकट्या अभयचा टाय, डब्यातल्या पोळीची गुंडाळी, काकूंच्या गुडघ्याला तेल, सगळं ऑफिसला निघायच्या आधी. महिन्यातून एका रविवारी सगळं कुटुंब बसने सांगानेरला जाई. तिथे हातकागदाच्या कारखान्याने टाकून दिलेले कागद काका निवडून आणत, कुठे धागा चिकटलेला, कुठे काडी अडकलेली. प्रत्येक कागद उन्हात धरून चौघंही मत देत. अभय म्हणायचा, "बाबा, ये वाला घ्या, मतलब यात पतंगाचा मांजा आधीच आहे." आणि काका खरोखरच त्या धाग्याला पतंग जोडत. परत येताना कचोरी. मला एकदा त्यांनी बरोबर नेलं होतं, आणि एका माणसाला कागद घ्यायला एवढे नातेवाईक लागतात हे पाहून मी थक्क झाले होते.

आभाळापुढे त्यांनी कुणाचीच भीड ठेवली नाही. मीनूला बघायला नागपूरहून मंडळी आली ती ठरल्या वेळेच्या तासभर आधी, आणि आत आभाळ अर्ध्यावर आलेलं. काकूंनी पाहुण्यांना बसवलं, सरबत दिलं. मुलाच्या आईने दोनदा विचारलं, लाइट गेलीय का. काका काही उठले नाहीत. मुलगा मात्र खुर्ची सोडून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला, घाम टिपायलाही विसरला. पाहुणे गेल्यावर काका म्हणाले, "हा चालेल." सहा महिन्यांनी लग्न झालं. जावई आजही सांगतो की आपल्याला पसंती मुलीच्या आधी सासऱ्याने दिली.

मग त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना ती गोष्ट आली. शहरातल्या एका गॅलरीच्या मालकाने त्यांची आभाळं कुठेतरी पाहिली होती. तो घरी आला, सगळं बघितलं आणि म्हणाला, जुलैत प्रदर्शन करू. फक्त आंधीची आभाळं, पंधरा, आणि सगळी याच उन्हाळ्यातली. तीस वर्षं पाहुण्यांना घाम फोडणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणी बोलावत होतं. काका दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे जाऊन सदरा शिवायला टाकून आले. काकूंना तर आकाश ठेंगणं झालं. कुणाकुणाला बोलवायचं याची यादी त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली. माझ्या नावापुढे, खात्री म्हणून, दोन टिंबं केली.

त्याच सुमाराला काकू रोज दुपारी आमच्याकडे येऊ लागल्या. कधी गहू निवडायला, कधी सुईत दोरा ओवून घ्यायला. येऊन थेट कूलरसमोर बसायच्या. चार दिवसांनी मी खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. पाळी जायचं वय, अंगातून एकदम वाफा निघतात, चेहरा पेटतो, छातीत धडधडतं. बंद खोलीत बसवत नाही. "पण यांना बोलू नकोस," म्हणाल्या. "कळलं तर सोडून देतील. पंधरा होऊन जाऊ देत." मी शब्द दिला आणि पाळलाही. अकरा आभाळं तशीच पार पडली.

बाराव्या आभाळाच्या दिवशी माझी अक्कल चरायला गेली होती. नणंदेला जवळच्या चौमूच्या बाजारात जायचं होतं, मी काकूंना न सांगताच दाराला कुलूप लावून गेले. ऊन उतरायला लागलं तेव्हा परतले, तर समोर खिडक्या बंद. म्हणजे आभाळ चालू होतं. दार ढकलून आत गेले. काकू स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, चेहरा लालबुंद, पदर मुठीत. हसत होत्या, म्हणजे तसा प्रयत्न करत होत्या.

काकांचा ब्रश कागदाच्या मध्यावर आला होता. रंग घ्यायला त्यांनी मान वळवली आणि त्यांना काकू दिसल्या. त्यांनी ब्रश खाली ठेवला, उठले, आणि स्वतः पंखा लावला. कागदावरचा ओला रंग आमच्या डोळ्यांदेखत वाळत गेला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, "आधी ते पुरं करा."

त्यांनी त्या कागदाकडे वळूनही पाहिलं नाही. माठातलं पाणी आणलं, पंचा भिजवून काकूंच्या मानेवर ठेवला. मी माझ्या कुलपाची किल्ली हातात धरून नुसती उभी.

त्यानंतर घरात दोन दिवस अबोला होता, आणि तो काकूंनी धरला होता. मला विचारलं का तुम्ही, असं त्या माझ्याकडे बघून त्यांना ऐकवत. चारच तर राहिलीत, मी बसते हिच्याकडे, तुम्ही काढा. मीही हात जोडले. पण काका ऐकेनात. "बायकोला दुसऱ्याच्या घरी बसवायची आणि आपल्या घरात आभाळ काढायचं, हे काही मला जमायचं नाही," एवढंच बोलले. गॅलरीवाल्याला फोन करून अकरांत होईल का विचारलं. नाही म्हणाला. तारीख दुसऱ्या कुणाला गेली. शिंप्याकडून आलेला सदरा काकांनी त्याच आठवड्यात घालून काकूंना कुल्फी खायला नेलं, आणि अबोला तिथे सुटला.

पुढे ते उन्हाळ्यात दारं काढू लागले, जाळीच्या खिडक्या, गल्लीतल्या सावल्या. दारं कूलरच्या वाऱ्यातही जमतात म्हणे. चांगली असायची, पण आभाळांची सर त्यांना नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. आपण काही सोडलं, असं मात्र त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. माझ्या मनातून ते कुलूप अजून जात नाही. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "अगं, तू दार उघडं ठेवलं असतंस तर मला कळलंच नसतं. केवढं नुकसान झालं असतं."

आमची बदली झाली, आम्ही साताऱ्याकडे आलो. काका मागच्या वर्षी गेले. मला वेळेवर पोचता आलं नाही. या हिवाळ्यात काकूंना भेटायला गेले. त्या आता जयपूरलाच दुर्गापुऱ्यात अभयकडे असतात. अकरा आभाळांतली काही मुलांकडे, काही नातेवाइकांकडे गेली. काकूंच्या पलंगासमोर एकच चित्र लावलंय. वरचं आभाळ पिवळंधमक, निम्म्यापर्यंत सुरेख उतरलेलं, आणि मग एक वेडीवाकडी कडक रेघ. तिच्याखाली कोरा कागद.

अभयची बायको मला म्हणाली, "मावशी, तुम्हीच समजवा ना आईंना. इतकी छान पेंटिंग्ज आहेत, आणि यांनी हीच खराब झालेली फ्रेम करून घेतली."

काकूंनी मला जवळ ओढून चित्रापाशी नेलं आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही बघ, इथे," त्या म्हणाल्या. "इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं."