तीन महिन्यांची साखर

माझी थोरली नणंद साखर तपासायला दर तीन-चार महिन्यांनी सायखेड्याहून नाशिकला यायची. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं म्हणून आदल्या दुपारीच माझ्याकडे येऊन राहायची. येण्याआधी चार दिवस तिचं गोड बंद, भात बंद, चहा बिनसाखरेचा आणि सकाळी कारल्याचा रस. पाहुणे येणार म्हटल्यावर घर सारवावं तशी ती रक्त आवरून आणायची. पहिल्या रक्तानंतर जेवून दोन तासांनी दुसरं द्यावं लागतं. त्या जेवणात ती अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी खायची. रिपोर्ट छान यायचा. मग परत जाताना निमाणीच्या स्टँडवर पेढे घ्यायची, पुडा बसमध्येच फोडायची.

मी एकदा म्हटलं, "आक्का, हे कोणाला फसवता?"

"डॉक्टर लय वरडतो गं," ती म्हणाली. "पोरासोरासमोर वरडतो."

मागच्या वर्षी चप्पल चावून तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. महिना झाला तरी भरेना. कड काळी पडली, वास यायला लागला. तिला दुखत मात्र नव्हतं, आणि ते ती कौतुकानं सांगायची. मला त्याचीच भीती वाटली.

या खेपेलाही ती कारलं पिऊनच आली होती. डॉक्टरांनी जखम पाहिली, रिपोर्ट पाहिला, परत जखम पाहिली.

"साखर तर ताब्यात आहे. मग हे भरत का नाही? असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल."

मी म्हटलं, "डॉक्टर, ही साखर चार दिवसांची आहे. बाकीचे दिवस ही बाई पेढे खाते."

"तुला कोनी इचारलं?" ती माझ्यावर उसळली. "भावाच्या घरात चुगलखोर आनून ठेवली!"

डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मी त्याच गोळ्या चालू ठेवणार होतो." मग त्यांनी समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशी तीनेक महिने जगतात. रक्तात साखर जास्त असली की ती त्या पेशींना चिकटते आणि पेशी मरेपर्यंत निघत नाही. ती चिकटलेली साखर मोजली की मागचे तीन महिने कसे गेले ते कळतं. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही.

"आन चार दिवस कारलं पिलं तर?" तिनं विचारलं.

"तेवढ्यानं काही फरक पडत नाही, मावशी."

लॅबमधल्या मुलीनं जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं. सुई निघाली तरी नणंदेनं मूठ सोडली नव्हती. रिक्षात म्हणाली, "आता इंजेक्शन लावत्याल. माझ्या सासूला लावलं न् ती वर्षात गेली."

"इंजेक्शनानं नाही गेल्या. ते उशिरा लागलं म्हणून गेल्या. तुम्हीही उशीरच करताय."

ती रडली. मी रडू दिलं.

रिपोर्ट वाईट आला, आकडा हवा त्याच्या दीडपट. इंजेक्शन सुरू झालं. जखम साफ करायला रोज जावं लागे म्हणून ती माझ्याकडेच राहिली. पहिले काही दिवस पोटावर सुई मी टोचली. एका सकाळी तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली. "तू बैलाला टोचल्यावानी टोचती," म्हणाली आणि स्वतःच टोचून घेतली.

अंगठ्याचं नख गेलं, थोडं मांस गेलं. अंगठा राहिला. कडेनं गुलाबी कातडी धरल्यावर डॉक्टरांनी तिला घरी जायला परवानगी दिली.

स्टँडवर मी तिची पिशवी धरून उभी होते. ती म्हणाली, "पुन्यांदा डॉक्टरसमोर माझी चुगली करू नको."

"करीन," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. मग दांडीला धरून बसमध्ये चढली. आधी चांगला पाय टाकला, मग पट्टीचा.