टाचेचा काही दोष नव्हता

माझी थोरली जाऊ कळकव्वा, आमची अक्का, तीस वर्षं इरकल साडीचा माग चालवत आली. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, उजव्या पायानं पावडी दाबायची, हातानं धोटा फेकायचा. ताण्यातला एक उभा धागा तुटला तर मान न वळवता सांगायची, "डावीकडं बघ, चार बोटांवर." अशी बाई श्रावणातल्या एका सकाळी खड्ड्यातून वर येईना. "यव्वा! टाचेत कुणी सुया खुपसतंय गं!"

टाच दुखते म्हटल्यावर आम्ही टाचेच्याच मागं लागलो. बिब्बा घातला, एरंडेल चोळलं. कळ पोटरीत चढली तेव्हा मी उलथण्याची दांडी तापवून पोटरीवर डाग दिला. हो, मीच दिला. माझी आई द्यायची, तिची आईही द्यायची. अक्कानं दात आवळून सोसलं, आणि दुसऱ्या दिवशी कळ जिथल्या तिथं.

"पाय गेला की माग गेला," ती म्हणाली. "मग मी काय करू तंगी, भिंतीकडं बघत बसू?" तंगी म्हणजे धाकटी बहीण; मला ती तशीच हाक मारते. मागावर अर्धी साडी तशीच होती.

शेवटी बागलकोटला नेलं. बसवेना म्हणून बाई बसमध्ये सगळा रस्ता उभी! डॉक्टर हेमलता म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची पोर. तिनं अक्काला उताणं झोपवलं आणि सरळ पाय हळूहळू वर उचलला. अर्ध्यावर येताच अक्का किंचाळली.

माझं डोकंच फिरलं. "अगं पोरी, दुखतंय टाचेत आणि तू पाय कसला उचलतेस?"

"टाचेत फक्त कळतंय, मावशी. दुखणं इथं आहे." तिनं माझ्याच कमरेवर बोट ठेवलं आणि ते कुल्ल्यावरून, मांडीच्या मागून, पोटरीवरून थेट पावलापर्यंत नेलं. "ही सायटिकाची नस. बोटाएवढी जाड. मणक्यातली गादी सरकून हिच्या मुळाशी दाबतेय."

अगं बाई! बोटाएवढा दोर पन्नास वर्षं माझ्या अंगात, आणि मला पत्ता नाही! मी मागून माझीच मांडी चाचपली.

अक्का मात्र म्हणाली, "म्हणजे कापडात पुढं खोट दिसते आणि गाठ असते मागं, ताण्याच्या गुंडाळीपाशी. तसंच ना?"

डॉक्टर गोंधळली. मला कळलं, आणि शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोट पुढं दिसली की आधी मागं बघणारी माणसं आम्ही!

डॉक्टरनं विचारलं, लघवीचं कळतं ना? मांड्यांमध्ये बधिर वाटतं? पाऊल लुळं पडतं? तसलं काही नव्हतं. "झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. नाहीतर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. मात्र पडून राहायचं नाही." गोळ्या दिल्या, थोडं थोडं चालायला सांगितलं, पालथं झोपून छाती उचलायला शिकवलं.

"जोरात ओढून मोकळी नाही का व्हायची ती नस?" मी विचारलं.

अक्काच खेकसली, "येडी का खुळी तू? अडकलेला धागा कुणी ओढतं का? तुटेल की!"

डॉक्टर हसली. "यांना सगळं कळलं."

मग मी जे पाहिलं ते अजून खरं वाटत नाही. डॉक्टरनं बोटानं दाखवलेल्या वाटेनंच कळ उलटी परत गेली. आधी टाच सुटली, मग पोटरी, मग मांडी. शेवटी कमरेत उरली एवढीशी, आणि एक दिवस तीही गेली. रोज सकाळी मी विचारायची, "आज कुठवर?" आणि अक्का बोट ठेवून दाखवायची.

दसऱ्यानंतर ती खड्ड्यात उतरली. अर्ध्या तासानं उठायचं, असा डॉक्टरचा हुकूम होता. माझा जीव मुठीत. तिनं पावडी दाबली, धोटा इकडून तिकडं गेला. पुन्हा दाबली. मी रडायलाच लागले.

अर्ध्या तासानं ती वर आली, काठावर बसली आणि लुगडं वर सारून पोटरीवरचा काळा डाग चोळू लागली.

"अक्का, मला माफ कर गं."

"माझी माफी कशाला?" तिनं माझा हात ओढून त्या डागावर ठेवला. "या पोटरीची माग. हिनं काहीच केलं नव्हतं."