माय मले हाका मारून राह्यली

मला वाचायला लावलं ते आमच्या पहिलीच्या गुरुजींनी. हे आधी सांगते, बाकीचं मागून.

शाळा इंझोरीकडच्या एका लहान वस्तीत. साल पन्नासच्या पुढचंच काहीतरी. मी पहिलीत दुसऱ्यांदा बसले होते. अक्षरं गिरवायची, पण जोडून वाचता येत नव्हतं. बाप म्हणायचा, "या साली नाही आलं तं शाळा बस्स. कापूस वेचाले चाल."

गुरुजींनी कारंज्याहून किराण्याच्या पुड्यांचे जाड कागद आणले. दुमडले, दाभणानं भोकं पाडली, सुतानं शिवले, वर खळ लावून पुठ्ठा. म्हणाले, "ज्याचं पुस्तक त्यानं लिवा. बोलता तसंच लिवा."

मी विचारत विचारत लिहिलं, 'माय मले हाका मारून राह्यली.'

बाजूची पोरगी फिसकन हसली. "अवं, तुही माय तं मेली ना?"

मेली होती, त्याच उन्हाळ्यात. पण विहिरीच्या वाटेवर मला तिचा आवाज यायचा. कोणाला बोलले नव्हते, कागदावर उतरलं.

"वाच," गुरुजी म्हणाले.

बोट सरकवत गेले. 'हाका'पाशी आले आणि माझ्याच तोंडून मायचा आवाज निघाला. आयुष्यात पहिल्यांदा वाचलं ते असं. मी पुस्तक खाली टाकलं. कितीतरी दिवस ते घरी न्यायची हिंमत झाली नाही.

मग तपासणीला साहेब आले. माय गेल्याचं गुरुजींनी सांगितलं होतं, तरी माझं पान पाहून त्यांनी तांबडी पेन्सिल काढली. "'मले' नव्हे, 'मला'. आणि 'मारून राह्यली' म्हणजे आत्ता मारते आहे; हिची आई वारली म्हणता ना? मग 'हाका मारत होती' लिहायचं."

गुरुजी हात जोडून उभे. त्यांची नोकरी त्या माणसाच्या शेऱ्यावर. तरी बोललेच, "चूक नाही साहेब. पोरीले अजून आयकू येऊन राह्यलं."

साहेबांची पेन्सिल खिशात गेली. "बरं, वाचू द्या तिला."

मी बोट सरकवत वाचलं, अडखळले नाही. पास झाले. बापानं आणखी दोन वर्षं शाळेत राहू दिलं. तेवढीच माझी शाळा.

आता परमुलखात आहे. इथं 'मले' म्हणणारं कोणी नाही. औषधाच्या बाटलीवरचं, मोटारीच्या पाटीवरचं वाचताना ओठ हलतात, आणि कुठूनतरी ती हाक येते. भीती तिची वाटत नाही. एखाद्या दिवशी मीच 'मारत होती' म्हणून बसेन, ही वाटते.

परवा गुरुजींचं कार्ड आलं. अक्षर दुसऱ्याचं. डोळे गेले म्हणे. पुस्तकं नुसती हातात घेऊन बसतात.

गुरुजी, मी येईन. कधी जमेल सांगवत नाही, पण येईन. तुमच्यापुढं बसून, तुम्ही म्हणाल ते पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवीन, रोज, तुमचं मन भरेपर्यंत. तुम्ही तोवर फक्त थांबा.