बाराव्या पेटीतला दगड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज काहून सांगतोय? थकलो म्हणून, दुसरं काय.

मी तुमसर तालुक्यात दहावीला विज्ञान शिकवतो. आमच्या गावाला लागून मँगनीजची खाण, माझे वडील तिथंच राबले. पण गावात मँगनीज म्हणतो कोण? सगळे ‘मॅगनीज’च म्हणतात. मीही तेच म्हणत वाढलो. हे कारण म्हणून सांगत नाही — पण चूक तिथूनच आली.

बरीच वर्षं झाली. माझ्याच गावची प्रतिमा दहावीत होती. विज्ञान प्रदर्शनासाठी ती आवर्तसारणी करत होती — पुठ्ठ्यावर काडेपेट्या, प्रत्येकीवर अणुक्रमांक अन् चिन्ह, आत जमेल तो नमुना. मूलद्रव्यं वजनानं नाही, क्रमांकानं मांडायची. क्रमांक बदलला की मूलद्रव्यच बदललं — हे मीच घसा फोडून शिकवलेलं. तिनं पंचविसाव्या पेटीत बापानं खाणीतून आणलेला काळा दगड ठेवला. मी म्हणालो, बाराव्यात ठेव. एमजी म्हणजे मॅगनीज.

ती हळूच म्हणाली, ते तर मॅग्नेशियम ना सर?

मला तेव्हाच कळलं होतं का? — कळलं होतं. ‘चुकलो गं’ म्हणून हसता आलं असतं. पण सगळा वर्ग बघत होता. मी विचारलं, मास्तर तू की मी? तिनं मुकाट्यानं दगड उचलून बाराव्या पेटीत ठेवला. प्रदर्शनाआधी तो परत जागेवर ठेवायला मला कोणी अडवलं होतं? कोणीच नाही.

परीक्षकांनी नेमकी बारावी पेटी उघडली. खाणीच्या गावची पोर, अन् तिलाच मँगनीजचा क्रमांक माहीत नाही, म्हणून हसले. आजूबाजूचेही हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हणालो, “हिले किती वेळा सांगतलं, आयकतच नाही.”

प्रतिमानं मान वर केली नाही. “हो सर, माहीच चूक झाली,” एवढंच म्हणाली.

अकरावीला तिनं आर्ट्स घेतलं. तिचा बाप रस्त्यात भेटला, म्हणाला, सायन्स आपल्याले जमत नाही म्हणते पोरगी. वर्गात तिच्यापुढं कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी नुसती मान हलवली.

यंदा तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. पालकसभेला प्रतिमा आली, मला नमस्कार केला, आणि लेकीला म्हणाली, “सर सांगतीन तसंच लिवजो.” टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. ती मनापासून सांगत होती.

काल फळ्यावर आवर्तसारणी काढली. पंचवीस — मँगनीज, असं स्वच्छ सांगितलं. पोरीनं लिहून घेतलं. तुझ्या आईनं हेच सांगितलं होतं, हे एक वाक्य मात्र मी कालही गिळलं.