इथे पाणी बाटवले जाते

आमच्या गल्लीत कावीळ पसरली त्या उन्हाळ्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून लिहायचं काम निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. हे मात्र कोणी लिहायला सांगितलेलं नाही. आई तर म्हणेल, कशाला उकरून काढतेस.

नळाला पिवळट, वास मारणारं पाणी यायला लागलं आणि घराघरांत माणसं आडवी झाली. आमच्या घरी वहिनीला सातवा लागला होता. तिला आई नाही. माहेरी, फोपनारला, केळीच्या बागेत वडील आणि भाऊ दोघेच असतात, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच ठरलं होतं. तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई दादाला सरळ म्हणाल्या, "ही कावीळ पोटुशीला झाली तर आई आणि बाळ दोघंही हातचे जाऊ शकतात. नळाच्या पाण्याचा थेंबसुद्धा देऊ नका." आई पाणी उकळायची, पण वास जात नव्हता, आणि वहिनीला त्या वासानेच उलटी व्हायची. पाण्याचे जार आणून देणाऱ्या माणसाने कावीळ ऐकून गल्लीत यायचं बंद केलं होतं.

जवळच, मोठ्या रस्त्यावर चर्च आहे. त्यांच्या आवारात खोल बोअर आहे. त्यांनी त्याला फिल्टर बसवला आणि सकाळ-संध्याकाळ फाटक उघडं ठेवलं. त्यांची गाडी आजाऱ्यांना दवाखान्यात नेत होती. लॉकडाउनमध्ये कापडाचे लूम बंद पडले तेव्हाही याच चर्चमधून खिचडी यायची. बाबा लूमवरच काम करतात, आम्हीही खाल्ली. सगळ्या गल्लीने खाल्ली, आणि लूम सुरू झाल्यावर त्याचं नाव कोणी काढलं नाही.

पाणी न्यायला पहिल्या दिवसांत बायका गेल्या. मग फाटकावर पाटी लागली. चर्चचे पास्टर हिंदी बोलणारे. आसपास मराठी घरं जास्त, म्हणून त्यांनी मुद्दाम मराठीत लिहून घेतलं: 'इथे सर्वांना पाणी बाटवले जाते.'

त्यांच्या डोक्यात हिंदीतलं 'बाँटना' होतं, म्हणजे वाटणं. आमचं गाव महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर, हिंदी मुलखात, त्यामुळे मराठी-हिंदीची अशी सरमिसळ रोज होते. पण मराठीत बाटवणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

शेजारच्या काकूंनी ती पाटी वाचली आणि आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. "मी म्हणत नव्हते? पाणी बाटवतात. आता तर लिहूनच ठेवलंय. एवढी हिंमत."

मी म्हटलं, "काकू, ते हिंदीतलं बाँटना आहे. चुकून झालं असणार."

"तू आम्हाला मराठी शिकवणार? तुझ्या कॉलेजात तर सगळं हिंदीत."

"दादापण नाही का म्हणत, पत्रिका बाटून येतो? लग्नाच्या सगळ्या पत्रिका त्याने बाटल्याच होत्या. कोणाचं काय झालं?"

काकू आईकडे बघून म्हणाल्या, "पोरीला जास्त शिकवलं ना, की असं होतं." आई उठून आत गेली. मला वाटलं होतं ती हसेल.

संध्याकाळपर्यंत पाटीचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. नाक्यावरची मुलं फाटकासमोर गाड्या लावून बसली. कोणाला अडवत नव्हती, नुसती येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हाका मारत होती. "काय मावशी, नवीन नाव काय ठेवलं?" पाण्याची रांग मोडली.

मी दुसऱ्या सकाळी कॅन घेऊन गेले. पास्टरना चूक सांगावी असं वाटत होतं, पण कशी सांगायची ते सुचत नव्हतं. मी सांगितल्यावर ते खुर्चीत बसूनच राहिले. "बेटा, हमने तो इज्जत के लिए मराठी में लिखवाया था."

तिथे एक सिस्टर होत्या. मूळच्या महाराष्ट्रातल्या, घरात मराठीच, दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. रोज आमच्या गल्लीत फिरून सलाइन लावायच्या, त्यामुळे त्यांनी पाटीकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्या उठून फाटकाशी गेल्या, वाचून परत आल्या.

"शाळेत मला बाटगी म्हणायचे," त्या पास्टरना मराठीतच म्हणाल्या. पास्टरना सगळं समजत होतं की नाही, याची सिस्टरांनी पर्वा केली नाही. "माझ्या बापाला म्हणायचे, आजाला म्हणायचे. आणि आता आपणच तो शब्द रंगवून दारावर लावला."

मी म्हटलं, "सिस्टर, गल्लीतले सगळेच तसे नाहीत."

"कोण नाही? मी ज्यांना सुई टोचली त्यातला एक तरी काल त्या पोरांना बोलला? तू बोललीस?"

मी काकूंना बोलले होते, पण मुलांना नव्हते.

"पाणी हवंय तर भर. माझी समजूत काढू नकोस."

पाटी त्याच दिवशी उतरवली आणि 'वाटले' असं लिहून पुन्हा लावली. त्याने काही सुधारलं नाही. पकडले गेले म्हणून शब्द बदलला, असं गल्लीत ठरलं. त्या सकाळी मी भरलेला कॅन घेऊन घरी आले तेव्हा आईने माझ्या हातून तो घेतला आणि मोरीत उपडा केला. मागे वहिनी उभी होती.

"मोठे काय सांगतात ते ऐक," आई तिला म्हणाली. "आमच्या वेळी आम्ही गढूळच प्यायलो. पोरं झालीच ना?"

वहिनी लग्नापासून आईला कधी उलट बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. तिने मोरीतला रिकामा कॅन उचलला, पायात चप्पल घातली आणि निघाली. मी तिच्यामागे. दारादारांत बायका होत्या.

काकू म्हणाल्या, "सूनबाई, पोटातल्याचा तरी विचार कर."

"त्याचाच करतेय, काकू."

नाक्यावरच्या एकाने गाडीचा हॉर्न वाजवला. दुसरा म्हणाला, "भाभी, वापस आओगी ना?" वहिनीने वळून पाहिलं नाही.

फाटकात सिस्टर होत्या. त्यांनी वहिनीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. स्वागत वगैरे काही नाही. "आधी इथे बसून पी. घरी गेलं की सांडतात वाटतं तुमच्याकडे." माझ्याकडेही रोखून पाहिलं. मी काही सांगितलं नव्हतं, पण नुकताच भरून नेलेला कॅन रिकामा परत आलेला त्यांना दिसत होता. वहिनी पायरीवर बसली, सगळ्यांसमोर ग्लास तोंडाला लावला आणि पूर्ण संपवला. मग आणखी एक मागितला.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. घरात दोन माठ झाले. आई वहिनीशी कामापुरतंच बोलायची, आणि दादा दोघींच्या मधे बसून जेवायचा. हळूहळू गल्लीतल्या आणखी काही बायका दुपारच्या वेळी, पदर पुढे ओढून फाटकाशी दिसू लागल्या. त्या सिस्टरांशी बोलायच्या नाहीत, सिस्टरही त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. नुसता नळाचा आवाज. काकूंनी वहिनीबरोबर स्वतःची कळशी पाठवली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नातवासाठी आहे. माझ्यासाठी नाही."

वहिनीला कावीळ झाली नाही. मुलगी झाली. आईने बारशाला सगळी गल्ली बोलावली, सिस्टरांना नाही. वहिनी म्हणाली, "त्या नसतील तर मी पाळण्याजवळ बसणार नाही." आई म्हणाली, "नको बसू." दोघी मनापासून बोलल्या होत्या, हे मला कार्यक्रमाच्या दिवशी, वहिनी पाळण्याजवळ बसली नाही तेव्हा कळलं.

त्याआधी वहिनीने मला चर्चमध्ये पाठवलं होतं, निरोप घेऊन. सिस्टर आवारात कपडे वाळत घालत होत्या. मी चाचरत आमंत्रण दिलं.

"तुझ्या आईने बोलावलंय?"

"वहिनीने."

"मग नाही येणार. त्या घरात मी पाणीसुद्धा घ्यायची नाही, सांग तिला."

मी बरं म्हटलं आणि वळले. फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून त्यांनी हाक मारली. जवळ आल्या नाहीत, तिथूनच विचारलं, "वजन किती भरलं पोरीचं?"

मी सांगितलं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या, आणि उरलेले कपडे झटकायला लागल्या.