सायकलचं प्रस्थान

रिटायर झाल्यावर अप्पांनी एकच गोष्ट मागितली: साताऱ्याहून तंजावूरला, आमच्या घरी, सायकलवरून यायचं. आमचे पूर्वज तिकडून आले हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण अप्पांनी महाराष्ट्र कधी पाहिलाच नव्हता. "ते घोड्यावर आले, मी सायकलवर येतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी तेव्हा पुण्यात एका नव्या कंपनीत नोकरीला होतो. तिथल्या दुकानांत गिअरच्या सायकली झळकू लागल्या होत्या. सुट्टीत घरी आलो तेव्हा एक घेऊन देतो म्हटलं, तर अप्पा रुसूनच बसले. त्यांना हवी होती आपली काळी सायकलच. तिच्यावरून त्यांनी जन्मभर ऑफिस गाठलं होतं, आणि तिच्याच दांड्यावर बसून मी शाळेत गेलो होतो.

ठरलं असं, की सायकल रेल्वे पार्सलने पुण्याला पुढे धाडायची. ती पोचली की अप्पा गाडीने येतील, आणि मग आम्ही दोघं साताऱ्याला जाऊन तिथून निघू. मी रजा काढून घरी आलो.

अम्माला हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. पण एकदा ठरलं म्हटल्यावर तिने पंचांग काढलं. अप्पांच्या तिकिटाच्या दिवशी वेळ धड नव्हती. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. जाणाऱ्याची एखादी वस्तू, बहुतेक धोतर-उपरणं, चांगल्या वेळी घराबाहेर काढून शेजाऱ्याकडे ठेवायची, की माणूस निघाला असं धरतात. मग तो मागाहून सोयीने जातो. पण गेलंच पाहिजे. न जाता ती वस्तू घरात परत आणायची नाही.

"सोमवारी सकाळी सायकल धाड," अम्मा मला म्हणाली. "तेच प्रस्थान."

"अम्मा, ते पार्सल आहे," मी वैतागलो.

"असूं दे. तुला काय त्रास?"

सोमवारी तिने हँडलला चंदन-कुंकू लावलं, वर मोगऱ्याचा गजरा गुंडाळला. अप्पांनी पेडल काढून गोणपाटाच्या तुकड्यात बांधली, चाकांतली हवा सोडली, पेंढा लावून गोणपाट शिवलं. मला सुईला हात लावू दिला नाही. स्टेशनावर हमालाने सायकल इतर बोजांवर आडवी टाकली, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. घरी आम्ही चालत आलो. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत अप्पांना पायी येताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते एकदम म्हातारे दिसले.

मी पुण्याला परतलो. सायकल आली, मडगार्ड चेपलेलं, गजऱ्याचा नुसता दोरा उरलेला. ती जिन्याखाली ठेवून, पोचली हे सांगायला मी एसटीडी बूथवर गेलो आणि आमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. तिकडूनच कळलं, की अम्मा विहिरीजवळ पडली आणि तिची उजवी बाजू गेली.

मी पोचलो तेव्हा अप्पा तिच्या उशाशी बसून चमच्याने कांजी भरवत होते. जीभ जड झाली होती, तरी तिचं एकच चाललं होतं. "तुम्ही जावा. प्रस्थान ठिवलंय."

"तू बरी हो, मग जातो," अप्पा म्हणायचे.

ती बरी होणार नाही हे तिघांनाही कळत होतं. पण तिला स्वतःच्या देहाची पर्वा नव्हती. प्रस्थान मोडलं तर अप्पांचं काहीतरी वाईट होईल, ही धास्ती तिला झोपू देत नव्हती. अप्पांनी अंगावरचं पांघरूण सरळ केलं तरी ती दाराकडे बोट दाखवायची. मला त्या पंचांगाचा असा संताप यायचा, की वाटायचं, उचलून विहिरीत टाकावं. सायकल परत मागवतो म्हणण्याची सोय नव्हती. आणि अम्माला तशी टाकून अप्पांनी जाणं शक्यच नव्हतं. मार्गळी महिन्यात, गल्लीत दारोदारी रांगोळीचे कोलम काढले जात असताना, ती गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर अप्पा बाहेर ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसलो. म्हटलं, "अप्पा, आता चला माझ्याबरोबर. सायकल तयार करून ठेवतो. तिचीही तीच इच्छा होती."

त्यांनी मागे वळून घराच्या दाराकडे पाहिलं.

"माझं प्रस्थान ठिवून आपणच निघून गेली," ते म्हणाले. "सगळा रस्ता घरीच येण्याचा होता रे. आतां मी येऊन पोचलो, तर दार कोण उघडील?"

मी एकटाच पुण्याला परतलो. सायकल अजून माझ्याकडे जिन्याखालीच आहे. पेडल गोणपाटात बांधलेली आहेत, तशीच.