टायपिंगवाल्या काकूंची खोली

तुमच्या गावात संगणकाची एक खोली असेल. शाळेत असेल, नाहीतर ग्रामपंचायतीत. बाहेर फलक असेल आणि त्यावर उद्घाटकांचं नाव गावाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असेल. त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, ते तुम्हाला सांगता येईल का?

आमच्या गावात हा प्रश्न एका नऊ वर्षांच्या मुलीनं विचारला आणि त्याची शिक्षा टायपिंगवाल्या काकूंना झाली. गाव अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्याच्या अलीकडे आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, तिथली माणसंच तशी, आणि पान उलटाल.

काकूंना आम्ही त्यांच्या हातांवरून ओळखायचो. हात कायम पाठीमागे, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं. एखादं पोरगं संगणकावर अडलं की त्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या, वाकून पडद्याकडे बघायच्या, पण माउसला बोट लावायच्या नाहीत. पोरगं रडकुंडीला आलं तरी नाही. "काहून थांबला? चावते का तो माउस?" एवढंच. मी एकदा चिडून म्हटलं, "काकू, तुमाले येते ना, मंग करून द्या ना." त्या म्हणाल्या, "अकोल्याले मी जिंदगीभर पोट्ट्यांचे बोटं धरधरून बटनांवर ठेवले. भल्ली स्पीड आली त्यायले. पण एकानंही आपल्या मनानं चार ओळी नाई लिहिल्या. सारे दुसऱ्याचा कागद पाहून टाइप करत राहिले. आता मले ते पाप नाई करायचं."

टायपिंगची यंत्रं मोडीत गेली तसा त्यांचा अकोल्याचा क्लास बंद पडला आणि त्या काकांच्या गावी, म्हणजे आमच्या गावी, राहायला आल्या. अकोल्यातलं एक नेट कॅफे बंद होत होतं. तिथले जुने संगणक त्यांनी उचलले आणि सरकी आणायला गेलेल्या टेम्पोत घालून गावात आणले. पंचायतीच्या वाचनालयात तेव्हा मोडक्या खुर्च्या आणि उंदीर होते. काकूंनी खोली मागितली आणि कोणाला नकोच होती म्हणून ती मिळाली. खुर्च्या आम्ही पोरांनी बाहेर काढल्या. उंदीर काही दिवस आमच्यासोबत शिकले.

त्या खोलीला आम्ही क्लब म्हणायचो. तिथं अभ्यासक्रम असा नव्हताच. जे रोज बघता ते बनवा, हा एकच नियम. कोणी जिनिंगच्या मशीनचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यावर गाणं रचायचं, कोणी आपल्या गाईचं कार्टून करायचं. वैभव नावाच्या एका पोरानं गेम बनवला: हरभऱ्याच्या शेतात रानडुक्कर शिरतं आणि डबा वाजवून ते हाकलायचं. त्याचे वडील बघायला आले, खुर्चीवर बसले ते उठेनात. शेवटी म्हणाले, "लेका, तुया शेतातलं डुक्कर ऐकते तरी." काकू हसल्या नाहीत. त्यांनी वैभवला विचारलं, "खऱ्या डुकराले डबा ऐकू येऊनही ते काहून जात नाई? ते टाक ना गेममंधी." पुढचा आठवडाभर तो डुकराला निर्लज्ज कसं करायचं, याच विवंचनेत होता.

दर शनिवारी संध्याकाळी दाखवणी असायची. वाचनालयाच्या भिंतीवर चादर लावायची, तिच्यावर पोरांनी केलेलं दाखवायचं, समोर आया-बाप सतरंजीवर. तिथं टाळ्या वाजवायला बंदी होती. "टाळी वाजवली का विषय संपते," काकू म्हणायच्या. "ज्याले आवडलं त्यानं विचारावं. ज्याले नाई आवडलं त्यानं तं विचारावंच." मग हात वर व्हायचे. पहिल्या महिन्यात आया लाजायच्या. नंतर नंतर एकेक बाई असं खोदून विचारायची की बनवणाऱ्याला घाम फुटायचा. ज्या गावात बाई ग्रामसभेत तोंड उघडत नव्हती, त्या गावातली ही गोष्ट आहे.

मी तेव्हा दहावीत होते. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले, त्यामुळे मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच. क्लबात मी पहिलं पोस्टर केलं ते लाल रंगाचं, मुठी आवळलेलं, घोषणांनी भरलेलं. काकूंनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "सारं खरं हाय बाई. पण यात एकही प्रश्न नाई. वाचणाऱ्यानं काय करावं? मुंडी हलवावी आन घरी जावं?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आजही काही लिहिलं की मी आधी त्यात प्रश्न कुठे आहे ते शोधते.

मग भाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. पंचायतीच्या आवारात नवी इमारत झाली होती, आत नवे कोरे संगणक, गारवा सोडणारं यंत्र, फिरत्या खुर्च्या. उद्घाटनाला क्लबातली सगळी पोरं पुढच्या रांगेत बसवली, कारण गावात संगणक चालवता येणारी पोरं तीच होती आणि फोटोत ती हवी होती. भाऊ बराच वेळ बोलले. "ही खोली आता तुमची आहे," असं म्हणून ते थांबले. मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एकाही पोरानं वाजवली नाही. सवयच नव्हती. सवय होती ती हात वर करायची, म्हणून क्लबातल्या नऊ वर्षांच्या पूनमनं हात वर केला. भाऊ हसून म्हणाले, "बोल बेटा."

"किल्ली कोणापाशी राहीन?"

पूनमचा प्रश्न सरळ होता. त्यांच्या शाळेतला कॅरम कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली गुरुजींच्या खिशात. पोरीनं तेवढाच हिशेब लावला होता. पण मागून कोणीतरी फिस्कन हसलं. मग आणखी चारजण हसले. भाऊंनी सरपंचाकडे पाहिलं, सरपंचानं ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवकानं छताकडे. नारळ फुटला, पेढे वाटले, गाड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी उपसरपंच वाचनालयात आले. सोबत पूनमचे वडील आणि पूनम. मी मागच्या संगणकावर होते.

"काकू, पोरगी लहान हाय, आमी समजतो," उपसरपंच म्हणाले. "भाऊच्या मनाले लागलं. तिनं फक्त येऊन म्हणावं, चुकलं. बस. नाहीतं मंग या खोलीचं काही सांगता येत नाई. पंचायतीची हाय शेवटी."

"काय चुकलं म्हणावं तिनं?"

"आता काकू, तुमाले काय शिकवाचं?"

पूनमचे वडील म्हणाले, "म्हणून टाकते ना ती. शब्दच तं हाय. काय बिघडते?"

पूनम काकूंकडे बघत होती. "मी म्हणतो सॉरी. मंग खोली राहीन ना आपली?"

मी काकूंच्या मागे होते, म्हणून मला त्यांचे हात दिसले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली. तिनं सॉरी म्हणू नये म्हणून त्यांना त्या पोरीच्या तोंडावर हात ठेवायचा होता, हे मला आज कळतं. त्यांनी ठेवला नाही.

"तू ठरव," त्या म्हणाल्या. "पण आधी मले सांग. तुले उत्तर भेटलं का?"

पूनमनं मान हलवली. "नाई."

"मंग?"

पूनमनं थोडा विचार केला आणि उपसरपंचांना म्हणाली, "काका, तुमी आधी उत्तर द्या. मंग मी सॉरी म्हणतो."

आठवडा संपायच्या आत वाचनालयाला पंचायतीचं कुलूप लागलं. आमचे संगणक ओट्यावर काढून ठेवले होते, वायरी गुंडाळायचीही तसदी कोणी घेतली नव्हती. काकूंनी त्यातले चालतील तेवढे आपल्या घराच्या ओसरीत मांडले. पहिल्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मग एकेकाच्या घरी निरोप पोचू लागले, कोणाच्या घरकुलाचं काम अडलं, कोणाच्या दाखल्यावर सही होईना. पोरं कमी होत गेली. ज्या बाया शनिवारी खोदखोदून विचारायच्या त्यांच्यातली एकही उपसरपंचाच्या दारात जाऊन काही विचारायला तयार झाली नाही. आमच्या घरात भिंतीएवढी पत्रकं होती, पण माझे वडीलही म्हणाले, "थांब थोडं, वातावरण निवळू दे." मला भाऊंचा राग आहेच. पण भाऊ त्यांच्या स्वभावाप्रमाणे वागले. आमचं गाव काकूंच्या ओसरीसमोरून खाली मान घालून गेलं, त्याचा राग मला जास्त आहे. तो निवळलेला नाही आणि मी तो निवळू देणार नाही.

काकू आणि काका मुलीकडे अमरावतीला गेले. आवरताना काकूंनी दाखवणीची चादर मला दिली. "धुऊन ठेवजो," एवढंच म्हणाल्या.

नव्या इमारतीच्या खिडकीतून अजून आत दिसतं. संगणकांवरचं प्लास्टिक तसंच आहे. दाराच्या कडीला बांधलेली झेंडूची माळ वाळून काळी झाली आहे. किल्ली सरपंचाच्या भाच्याकडे असते म्हणतात आणि भाचा पुण्याला असतो.

मी आता अमरावतीला शिकते. मागच्या महिन्यात काकूंना भेटायला गेले. त्यांच्या मुलीच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधल्या जागेत, एका लॅपटॉपसमोर वॉचमनची मुलगी बसली होती. शेजारी काकू, हात मागे. त्यांनी पहिलं विचारलं, "पूनम काय करून राहिली?"

"यंदा दहावीत आहे. अजून विचारते. परवा ग्रामसभेत विचारलं."

"आन लोकं?"

"गप बसले."

मी म्हटलं, मी तुमच्यावर लिहिणार आहे. त्या म्हणाल्या, "लिही. वाचून टाळ्या वाजवतीन लोकं. मंग?"

म्हणून हे वाचून छान वाटलं, डोळ्यांत पाणी आलं, असं मला कळवू नका. उद्या तुमच्या गावातल्या त्या खोलीपाशी जा. सोबत एक मूल न्या, आपलं नसलं तर शेजारच्याचं न्या. किल्ली कोणाकडे आहे ते त्याला मोठ्यानं विचारू द्या, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहा.